पेशीला कसे कळते

३ फेब्रुवारी, सोमवार

हिने आज होकार दिला.

ही दैनंदिनी माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. तरीही नोंद अशी असावी की अनोळखी माणसालाही संदर्भ लागावा, हा माझा अध्यापनाच्या दिवसांपासूनचा आग्रह आहे. म्हणून : 'ही' म्हणजे माझी पत्नी, बालवाडीतून निवृत्त झालेल्या बाई. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. हिच्या डाव्या कानशिलाच्या आत, मेंदूत, एक गाठ आहे. गेल्या वर्षी ती काढली; आता ती पुन्हा वाढू लागली आहे. नेहमीचे उपचार करून झाले. रुग्णालयात एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. त्यात सामील व्हायचे की नाही, हा प्रश्न होता.

डॉक्टरीणबाईंनी हिला एकटीला आत बोलावून सर्व सांगितले. मग मला बोलावून तेच पुन्हा सांगितले. संध्याकाळी घरी आल्यावर मी हिला ते रीतसर समजावून दिले, कारण घाईत ऐकलेले टिकत नाही.

मूळ कल्पना विलक्षण सुंदर आहे. निरोगी पेशीला मरता येते, हे लोकांना ठाऊक नसते. गर्भातल्या बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी निमूट मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. बेडूकमाशाची शेपटीही अशीच जाते. कर्करोगाची पेशी नेमके हेच विसरते. तिने मरायला हवे असते, ती मरत नाही.

"म्हणजे तुमच्या थोरल्या मावशीसारखी," ही म्हणाली. "तीही विसरलीच होती."

हसणे आवरून मी पुढे गेलो. विषाणूतले घातक भाग काढून त्यात एक जनुक बसवतात. हा विषाणू केवळ विभाजन चालू असलेल्या पेशीतच मुक्काम करू शकतो. मेंदूतल्या आपल्या पेशी जवळजवळ विभाजित होत नाहीत. गाठीतल्या मात्र सतत होतात. मी पोस्टमनची उपमा दिली : ज्या घराचे बांधकाम चालू आहे, दारे अजून बसलेली नाहीत, त्याच घरात हा शिरतो. महिन्याभराने रुग्णाला साध्या गोळ्या देतात. एरवी त्या गोळ्या निरुपद्रवी. परंतु ज्या पेशीत ते जनुक पोचले आहे, तिथे त्यांचे विष होते.

"पण अहो, पेशीला कसं कळतं, की आता मरायचंय?"

इतका नेमका प्रश्न मला पदवीच्या वर्गातही क्वचित कोणी विचारला असेल. मी सांगितले की विषामुळे पेशीला स्वतःच्या जनुकांची नक्कल करता येईनाशी होते. पेशी स्वतःची तपासणी करते. दुरुस्ती शक्य नाही असे आढळले की ती फुटत नाही, आवराआवर करते. आतले सर्व तुकडे लहान पुडक्यांत बांधते आणि बाहेर एक खूण लावते, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी येऊन ती घेऊन जातात. घर कोसळणे वेगळे आणि घर आवरून किल्ली देणे वेगळे.

मध्येच हिने चहा आणि दोन उकडलेली अंडी माझ्यापुढे ठेवली. बोलता बोलता मी ती संपवली. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हते, असे लेक म्हणते. असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शस्त्रक्रिया झाली. गाठीचा हाती लागला तेवढा भाग काढला आणि उरलेल्या पोकळीच्या भिंतींत विषाणू टोचला. सर्व अपेक्षेप्रमाणे.

प्रतीक्षाकक्षात शेजारच्या गृहस्थांना मी विषाणूची रचना समजावून देत होतो. लेकीने येऊन कानात सांगितले, "बाबा, शर्ट उलटा घातलाय तुम्ही." पहाटे अंधारात कपडे केल्याचा परिणाम. गृहस्थ म्हणाले, "मला वाटलं, डॉक्टरांची तशी पद्धत असेल."

दुपारनंतर हिला पाहू दिले. डोक्याला पट्टी, ओठ कोरडे. मी खाटेचा कठडा धरून उभा होतो. सिस्टर म्हणाल्या, "काका, बसा बघू. नाहीतर तुमच्यासाठीपण एक खाट मांडावी लागेल."

तेवढ्यात हिने डोळे उघडले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अहो… ते पेशीला कसं कळतं म्हणालात?"

मी खुर्ची ओढून बसलो आणि थोडक्यात सांगितले. या वेळी सुताराची उपमा घेतली : घर उभे राहत असतानाच येतो, भिंतीत एक बंद कपाट बसवून ठेवतो, पुढे कधीतरी त्याचा उपयोग होतो. पोस्टमनपेक्षा ही बरी वाटली. हिने मिटल्या डोळ्यांनी मान हलवली. सिस्टरनी मला बिस्किटे आणून दिली.

इतक्या गुंगीतही जिज्ञासा! मात्र हा प्रश्न तिने पूर्वीच विचारला होता. भुलीचा परिणाम असावा.

२ मार्च, रविवार

ही घरी येऊन आता बरेच दिवस झाले. हिंडते-फिरते, पण लवकर थकते. स्वयंपाक लेक आणि मी विभागून करतो.

आज सकाळी दूध उतू गेले, ते पुसताना हातातली बशी पडून फुटली, आणि तुकडे गोळा करताना गॅस चालूच राहिल्याने भांडे काळे पडले. तीन स्वतंत्र घटना. एकत्र आल्या एवढेच. मी ओट्यापाशी जमिनीवर बसलो होतो. का बसलो होतो ते सांगता येत नाही. खोलीतून हिची हाक आली.

"अहो, जरा इकडे येता का? एक अडलंय माझं."

मी गेलो.

"ते पेशीचं. तिला कसं कळतं, मरायचं ते? पुन्हा एकदा सांगा ना."

तिसऱ्यांदा! मी मनातून हादरलो, पण चेहऱ्यावर दिसू दिले नाही. शिक्षकाने प्रश्नाचा कंटाळा करू नये. आधीच्या दोन्ही उपमा टिकल्या नाहीत, त्या अर्थी त्या सदोष असणार. म्हणून नवी घेतली. विषाणू हा आगंतुक पाहुणा. शांत घराचे दार तो वाजवत नाही. जिथे माणसांची ये-जा चालू आहे, तिथेच गर्दीबरोबर आत शिरतो आणि कायमचा राहतो. त्याच्या पेटीत एक पाककृती आहे. घरात गोळीचा डबा आला की तो उठून स्वयंपाकाला लागतो.

"आणि तो स्वयंपाक खाऊन घरमालक गार," ही म्हणाली. "तुमच्या आजच्या दुधासारखाच असणार तो स्वयंपाक."

दोघेही हसलो. नंतर मी ओटा नीट स्वच्छ केला.

परंतु नोंद प्रामाणिक असावी. आज तिला 'चाळणी' हा शब्द आठवला नाही. "ते भोकांचं द्या," म्हणाली. शब्द आणि प्रश्न, दोन्हींकडे लक्ष ठेवले पाहिजे.

११ मार्च, मंगळवार

गोळ्यांची पहिली फेरी सुरू झाली. काही दिवस गोळ्या, मग विश्रांती, मग तपासणी, मग दुसरी फेरी. फेऱ्या वेळेवर व्हाव्या लागतात, कारण विषाणू गाठीत पसरत असतो आणि गाठही वाढत असते, शर्यतच ती. सिस्टरनी मला बजावले : "काका, गोंधळ, विसराळूपणा, बोलणं अडखळणं, काहीही वाढलं तर लपवायचं नाही. मेंदूला सूज आली तर गोळ्या थांबवाव्या लागतात."

मी म्हणालो, "लपवणे हा माझा स्वभाव नाही."

"ते दिसतंच," सिस्टर म्हणाल्या.

गोळ्या देताना माझ्या हातून दोनदा सांडल्या. त्यांवरचा लेप फार गुळगुळीत आहे. उत्पादकाला कळवायला हवे. जमिनीवरून त्या वेचून मी बाजूला ठेवल्या, नव्या काढल्या, त्याही पेल्यात पडल्या. ही माझ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "बसा इथे. मला सांगा, पेशीला कसं कळतं?"

चौथी वेळ. मी पुस्तकाची उपमा दिली. नकलाकार एखाद्या ग्रंथाची नक्कल करत असताना कोणी मध्ये एक पान सरकवले, तर पुढच्या प्रत्येक प्रतीत ते पान येणार. अत्यंत काटेकोर उपमा. अर्धा तास बोललो असेन. सांगता सांगता गोळ्याही दिल्या, त्या मात्र सांडल्या नाहीत.

१५ मार्च, शनिवार

वर्तमानपत्र आणून परत येत असताना स्वयंपाकघरातून मायलेकींचा संवाद कानावर आला. हिला बालवाडीतल्या कोणा मुलाची आठवण निघाली असावी.

"घाबरलेल्या मुलाला 'घाबरू नकोस' म्हटलं ना, की ते आणखी घाबरतं," ही म्हणत होती. "त्याला जे चांगलं येतं ते विचारायचं. गाड्या येत असतील तर गाड्या. सांगता सांगता गडी जागेवर येतो. जेवतोसुद्धा."

"आणि असं किती दिवस विचारत बसणार आहेस?"

"लागतील तितके."

लेक काही तरी पुटपुटली. मी आत गेलो. मी म्हणालो की मुलांच्या मानसशास्त्राबद्दल तुझे निरीक्षण अगदी अचूक आहे. लेकीला एकदम ठसका लागला.

जुन्या आठवणी इतक्या स्पष्ट आणि ताज्या गोष्टी पुसट, हेही लक्षणच आहे. वाचून पाहिले.

३० मार्च, रविवार

सातवी वेळ. की आठवी, याची खात्री नाही. आता मी मोजणे सोडले आहे. विचारते, मी सांगतो. सांगत असतो तेव्हा सगळे सोपे वाटते. थांबलो की खोलीत फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

८ एप्रिल, मंगळवार

आजची नोंद लिहिणे जड जाते आहे.

दुसऱ्या फेरीआधीची तपासणी होती. मेंदूच्या छायाचित्रात पोकळीच्या कडेची सावली थोडी मोठी दिसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मरणाऱ्या पेशींमुळे सूज आली असेल किंवा गाठ वाढली असेल. एवढ्यात दोन्ही सारखेच दिसते. मग मला विचारले, "सर, घरी काही वेगळं जाणवलं?"

मी क्रमाने सर्व सांगितले. चाळणी सांगितली. आणि एकच मूलभूत प्रश्न ही पुनःपुन्हा विचारते, प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकत असल्याप्रमाणे ऐकते, हेही सांगितले. ही शेजारीच बसली होती. मी बोलत असताना तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटले, धीर देते आहे. मी पुढे बोलत राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "किती दिवसांपासून?"

"शस्त्रक्रियेपासून. वाढत्या प्रमाणात."

गोळ्या थांबवल्या. सूज आणि विस्मरण असे दोन्ही असेल, तर चाचणीच्या नियमाप्रमाणे रुग्णाला पुढे नेता येत नाही. गुरुवारी हिची सविस्तर परीक्षा होईल. त्यात उत्तीर्ण झाली नाही, तर चाचणीतून नाव कमी. दुसरा उपचार शिल्लक नाही, हे त्यांनी सांगितले नाही. मला ठाऊक आहे.

बाहेर आल्यावर लेक भर वाहनतळावर कडाडली. "बाबा! काय करून बसलात हे?"

"मी सत्य तेच सांगितले."

"सत्य! आई, तू सांगतेस की मी सांगू यांना?"

"तू गाडी चालव," ही म्हणाली. "ओरडू नकोस त्यांच्यावर. माणूस खोटं बोलला असता तर ओरडली असतीस का? मग खरं बोलला म्हणून कशाला?"

"अगं, पण गोळ्या…"

"गुरुवारी बघू."

सत्य सांगण्यात माझे चुकले कुठे, हे मला कळत नाही. आणि काही तरी भयंकर चुकले आहे, याचीही खात्री आहे. दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे?

आज हिने मला काही विचारले नाही. मी जेवलो नाही.

९ एप्रिल, बुधवार

लेक माझ्याशी बोलत नाही. ही बोलते, हवामानाविषयी.

१० एप्रिल, गुरुवार

सविस्तर लिहितो.

परीक्षेच्या खोलीत नातेवाइकाने एका कोपऱ्यात बसावे आणि बोलू नये, असा नियम होता. लेक बाहेर थांबली. डॉक्टरीणबाईंनी हिला शब्दांची यादी ऐकवली, घड्याळ काढायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. हिने घड्याळ काढले आणि त्याला डोळे-नाकही काढले. "सवय," म्हणाली. वजाबाकीत एकदा चुकली आणि आपणच दुरुस्त केली. दोन वस्तूंची नावे अडली.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यावर इथे काय उपचार चाललाय, ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

ही खुर्चीत सरसावून बसली. समोर छोट्यांचा वर्ग असावा तशी.

"एक विषाणू आहे, त्याचे दात काढलेत. त्याच्याकडे एक जनुक दिलंय. तो वाढणाऱ्या पेशीतच राहू शकतो, म्हणून माझ्या शहाण्या पेशींना सोडतो आणि दांडगटांच्या घरात शिरतो. मग मी गोळी घेते. गोळी साधी. पण त्या घरात तिचं विष होतं. विषानं पेशीला नक्कल करता येत नाही. ती स्वतःला तपासते, बघते की आता काही खरं नाही, आणि मग फुटत नाही, आवरून घेते. पुडकी बांधते. बाहेर खूण लावते. सफाईवाले येऊन घेऊन जातात."

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "हे कधी समजलं तुम्हाला?"

"तीन फेब्रुवारीला. संध्याकाळी."

"पण सर म्हणतात, तुम्ही सारखं विचारता."

"विचारते ना. पहिल्यांदा विचारलं तेव्हा विषाणू पोस्टमन होता. ते काही बरोबर नव्हतं. पोस्टमन टपाल टाकून जातो, हा तर तिथेच राहतो. ऑपरेशनच्या दिवशी सुतार झाला. दूध उतू गेलं त्या दिवशी पाहुणा. पाहुणा छान होता, तो मला फार आवडला. मग गोळ्या सांडल्या, तेव्हा पुस्तकातलं पान. ते जरा पुस्तकी झालं. नंतर एकदा गुपचूप शिरलेली मांजर होती, एकदा भाडेकरू, मागच्या आठवड्यात पुन्हा सुतार आला. यांच्या लक्षात नाही आलं, पण मला आलं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "सगळं पाठ आहे, बाई. उलट्या क्रमानं म्हणून दाखवू?"

"मग पुन्हा पुन्हा का विचारता?"

हिने घड्याळ काढलेल्या कागदाचा कोपरा दुमडला आणि सरळ केला.

"मी विचारलं नाही, तर हे जेवत नाहीत," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसू लागल्या, आणि मग माझ्याकडे पाहून थांबल्या.

मी त्या वेळी काही म्हणालो असल्यास मला आठवत नाही. इतके आठवते की भिंतीवर मेंदूचा एक आराखडा टांगलेला होता आणि त्यातला एकही भाग मला ओळखता येत नव्हता.

नावे अडतात, पण शस्त्रक्रियेआधी अडत होती तेवढीच. स्मरणशक्ती शाबूत. डॉक्टरीणबाईंनी सहकाऱ्यांशी दूरध्वनीवर बोलून घेतले आणि गोळ्या सुरू करायला परवानगी दिली. सावलीचे काय, हे दुसऱ्या फेरीनंतरच दिसेल. निघताना मला म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी घरचं काय जाणवतं, ते मी दोघांनाही विचारीन. दोघांविषयी."

लेकीने गाडीत माझ्या खांद्यावर थोपटले. मुलाला थोपटतात तसे.

१३ एप्रिल, रविवार

दोन दिवस घरात एक अवघडलेपणा होता. मी तिने न सांगता न्याहारी करत होतो, आणि करतो आहे हे तिला दिसेल अशा जागी बसून करत होतो. ती पाहत होती आणि न पाहिल्यासारखे करत होती. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातही आम्ही इतके सभ्य नव्हतो.

आज सकाळी गोळ्या काढताना पुन्हा सांडल्या. लेपाचा दोष नाही, हे आता लिहायला हरकत नाही. ही पलंगावर उशीला टेकून बसली होती. सवयीने तिने तोंड उघडले आणि मिटले.

"आता काय विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला कळलंय. आता मजा गेली."

"मला भीती वाटते," मी म्हणालो.

हे वाक्य मी तयार केलेले नव्हते.

"कसली? नीट सांगा."

नीट सांगणे हा माझा व्यवसाय होता. म्हणून मी मुद्दे मांडू लागलो. पहिला मुद्दा मांडला. दुसरा सुचला नाही. तिने घाई केली नाही, शब्द पुरवले नाहीत. मग मी कोणताही क्रम न ठेवता बोललो. छायाचित्रातल्या सावलीविषयी बोललो. ती झोपलेली असते तेव्हा मी दारात उभा राहून पांघरूण हलते का ते पाहतो, तेही सांगितले. पेशी आवराआवर करून जाते, ही गोष्ट मी वर्षानुवर्षे किती आनंदाने शिकवली आणि आता तेच वाक्य मला नकोसे झाले आहे, ते सांगितले.

"आणि किती जणांना उपयोग होतो, ते?" तिने विचारले. "ते तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. पोस्टमन आला, मांजर आली, पण ते नाही आलं."

"तुला ठाऊक आहे?"

"मला आधी एकटीला आत बोलावलं होतं ना? मीच विचारलं बाईंना. त्यांनी आकडा सांगितला. तो ऐकून मी हो म्हटलं."

एवढे दिवस तो आकडा आम्ही दोघांनी एकमेकांपासून जपला होता. मी तो मोठ्याने उच्चारला. लहान आकडा आहे.

"हं," ती म्हणाली. "तोच."

 तिने उशी सारून मला पलंगावर जागा करून दिली.

"आता माझी पाळी," ती म्हणाली. "मलाही भीती वाटते. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. उपमा द्यायची नाही. चालेल?"

"चालेल."

तिने सांगितले. मी मध्ये बोललो नाही. जे सांगितले ते येथे लिहिणार नाही. ते कोणाला समजावून देण्यासाठी सांगितलेले नव्हते.

त्यानंतर तिने गोळ्या घेतल्या. पेला मी धरला होता. थोडे पाणी चादरीवर सांडले.